पुलाखालची जमीन : पेंचमधल्या महामार्ग ४४ वरील नऊ वन्यजीव मार्गांचा प्रकरण अभ्यास

नागपूरहून जबलपूरकडे निघालेला ट्रक मनसर मागे टाकून देवलापारच्या दिशेला लागतो आणि मध्येच रस्ता जमीन सोडून खांबांवर चढतो. चालकाला ते फारसं जाणवत नाही. खाली मात्र जंगल सलग असतं, आणि त्या सलगपणासाठीच रस्ता उचलला आहे. चितळांचा कळप, रानडुकरांची रांग, एखाद्या रात्री वाघ, असे सगळे ट्रकच्या चाकांखालून सुखरूप पलीकडे जातात.

हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ७, आताचा ४४. पेंच व्याघ्र प्रकल्प महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांत पसरलेला आहे आणि हा रस्ता त्याच्या पूर्वेकडच्या जंगलातून जातो. पेंचला एकीकडे कान्हाशी आणि दुसरीकडे नवेगाव-नागझिऱ्याशी जोडणारे संचारमार्ग तो कापतो. दुपदरी रस्ता चौपदरी करायचं ठरलं तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आणि राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं. पूल हवेत की नकोत, हवेत तर किती लांबीचे, यावर वर्षानुवर्षं घासाघीस झाली. भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्यानंतर महाराष्ट्राच्या बाजूला नऊ संरचना उभ्या राहिल्या : फक्त प्राण्यांसाठी पाच अंडरपास आणि नाल्यांवरचे चार छोटे पूल. अंडरपासची रुंदी, म्हणजे प्राण्याला समोर दिसणारी मोकळी जागा, ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत आहे. नऊही संरचना एकत्र मोजल्या तर सव्वादोन किलोमीटरच्या आसपास रस्ता जमिनीवरून उचललेला आहे.

मार्च ते डिसेंबर २०१९ या दहा महिन्यांत संस्थेने या नऊ ठिकाणी ट्रॅप कॅमेरे, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावले. १८ प्रजातींच्या वन्यप्राण्यांची ५,४५० छायाचित्रं मिळाली. त्यात वाघ ८९ वेळा दिसला आणि पट्ट्यांवरून ते ११ वेगवेगळे वाघ निघाले. या आकड्यांचं कौतुक बरंच झालं आणि ते रास्तही होतं. पण पुढे दुसरीकडे असे मार्ग बांधताना फक्त पुलाची लांबी उचलली जाते आणि बाकीचं मागे राहतं. म्हणून हे प्रकरण जरा खोलात जाऊन पाहायला हवं.

नुसता फलक का पुरत नाही

“वन्यप्राणी क्षेत्र, वाहने सावकाश चालवा” हा सर्वांत स्वस्त उपाय. त्याचं गणित मांडून बघा. ताशी ८० कि.मी. वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. प्राणी दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दोन सेकंद धरले तर ४४ मीटर गेले. पुढे गाडी थांबायला चांगल्या रस्त्यावरही आणखी ५० मीटर लागतात. एकूण ९० ते ९५ मीटर. भरलेल्या ट्रकला याहून जास्त. रात्री डिपरवर चालकाला समोरचं नीट दिसतं ते ५०-६० मीटरपर्यंत. म्हणजे प्राणी दिसेपर्यंत वेळ टळून गेलेली असते, चालक कितीही सज्जन असो. हाच वेग ४० वर आणला तर गाडी साधारण ३५ मीटरमध्ये थांबते. पण चौपदरी रस्ता बांधून त्यावर रात्रभर ४० चा वेग पाळून घेणं कुठल्याच यंत्रणेला जमलेलं नाही.

दुसरी बाजू प्राण्याची. चार पदर, दोन्हीकडच्या कडा आणि दुभाजक धरून रस्ता २७ ते ३० मीटर रुंद होतो. सावध पावलांनी चालणाऱ्या जनावराला तो ओलांडायला २२ सेकंद लागतात असं धरू. दिवसाला ६,००० वाहनं जात असतील आणि ती विस्कळीत अंतराने येत असतील, तर २२ सेकंदांची मोकळीक तासाला पन्नासेक वेळा मिळते. १२,००० वाहनांवर ती तेवीसेक वेळा मिळते, २०,००० वर जेमतेम पाच वेळा. ती पाचांतली एक आहे हे प्राण्याला कसं कळणार? वाहतूक वाढत जाते तसा रस्ता आधी सापळा होतो आणि नंतर भिंत. भिंत झाल्यावर मेलेले प्राणी कमी दिसतात, कारण ते रस्त्याजवळ यायचंच सोडून देतात. “अपघात घटले” असा निष्कर्ष अशा वेळी काढला जातो. या विषयातली ही सर्वांत घातक चूक आहे.

किती मोठा मार्ग हवा

अभियंते आणि वन्यजीव अभ्यासक दोघांनाही समजणारं एक माप आहे : मोकळेपणा. मार्गाची रुंदी गुणिले उंची, भागिले प्राण्याला आत चालावं लागणारं अंतर, सगळं मीटरमध्ये. ३० मीटर रुंद रस्त्याखालून पाणी जायला ठेवलेल्या १.२ मीटर व्यासाच्या पाइप मोरीचा मोकळेपणा ०.०४ सुद्धा भरत नाही. दोन बाय दोन मीटरच्या बॉक्स मोरीचा ०.१३. हरणांसाठी किमान ०.६ हवा, असं बऱ्याच वर्षांपासून सांगितलं जातं. ५० मीटर रुंद आणि ५ मीटर उंच अंडरपासचा मोकळेपणा आठच्या वर जातो.

मोरीतून मुंगूस, साळिंदर, उदमांजर, घोरपड खुशाल जातील. चितळ जाणार नाही. त्याचं शरीर मावत नाही म्हणून नव्हे. कळपाने राहणाऱ्या प्राण्याला पलीकडचं जंगल, बाजूची हालचाल आणि पळायची वाट एकाच वेळी दिसावी लागते. अंधाऱ्या तोंडाशी दबा धरून कोणी बसलं असेल ही शंका त्याच्या रक्तात आहे, आणि पेंचमध्ये ती शंका खरी ठरू शकते. रानगवा, सांबर यांसारखे लाजरे प्राणी याहून चिकित्सक असतात.

मोकळेपणाचा आकडा प्रमाणात मात्र वाचू नये. ७५० मीटरचा पूल ५० मीटरच्या पंधरापट मोठा असला, तरी वापर पंधरापट होईल असं नसतं. लांब पुलाचा खरा फायदा वेगळा आहे. त्याखाली नाला, झाडोरा, उघडं गवत आणि वाट असं सगळं मावतं, म्हणून वेगवेगळ्या स्वभावाचे प्राणी आपापली जागा निवडतात. कोळसुनांचा, म्हणजे रानकुत्र्यांचा, कळप मधून गेला तर चितळांना कडेने सटकता येतं. ५० मीटरमध्ये ही मुभा उरत नाही. म्हणून मोजकाच पैसा असेल तर ५० मीटरचे पाच मार्ग की २५० मीटरचा एक, याचं एकच उत्तर नाही. ओलांडण्याच्या जागा पसरलेल्या असतील तर पाच, एकाच खोऱ्यात एकवटल्या असतील तर एक. हे ठरवायला बांधकामाच्या आधी निदान तिन्ही ऋतूंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ठसे, विष्ठा, कॅमेरे आणि अपघातांच्या जागा नोंदवाव्या लागतात. एकट्या उन्हाळ्यात नोंदी केल्या तर पाणवठ्याकडच्या वाटाच तेवढ्या नकाशावर येतात.

स्लॅबच्या सावलीत काय घडतं

पूल पूर्ण झाला, पत्रकारांनी छायाचित्रं घेतली, आणि खाली उरलं काय? सेंट्रिंगच्या फळ्या, सळयांचे तुकडे, वाळूचे ढीग, मिक्सर धुतल्यावर थिजलेले सिमेंटचे थर, रोलरने दाबून टणक केलेली माती. खुरांचा प्राणी यावर पाय ठेवायला कचरतो. ठेकेदार जाण्याआधी हे सगळं उचलून घ्यायला हवं. दबलेली माती ३०-४० सेंटिमीटर खोल नांगरून सैल करावी लागते, आणि खोदकामाच्या वेळी बाजूला काढून ठेवलेला जंगलाचा वरचा थर तिच्यावर पसरावा लागतो. तो थर पहिल्याच दिवशी वेगळा साठवला नसेल तर नंतर मिळत नाही. त्यातलं बियाणं आणि वास दोन्ही त्याच जागेचे असतात.

स्लॅबखाली पाऊस पडत नाही. दोन पावसाळे गेल्यावरही मधली जमीन कोरडी, पिठासारखी असते. कडेला दोन-तीन मीटर गवत आत शिरतं, पुढे नुसता फुफाटा. ठसे वाचायला ही उत्तम जागा आहे : वाघाची गोलसर गादी, शेजारी चितळाच्या खुरांची टोकदार जोडी, मध्येच मुंगसाच्या नखांची बारीक ओळ. पण तीच मोकळी धूळ ससा, उंदीर, बेडूक यांच्यासाठी घुबडाच्या डोळ्यांपुढचं मैदान आहे. उपाय फार सोपा आहे. मार्गाच्या एका कडेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मीटरभर रुंदीची ओळ करायची : पडलेली खोडं, मुळांचे बुंधे, दगड, वाळक्या फांद्या. ओळ मध्ये तुटू द्यायची नाही. मधला भाग मोठ्या प्राण्यांसाठी मोकळा ठेवायचा. येण्याचा आणि जाण्याचा असे दोन स्वतंत्र पूल बांधून मध्ये आकाश उघडं ठेवलं तर तिथे ऊन-पाऊस पोहोचतो, झुडपं उगवतात, आणि आतलं अंतर दोन छोट्या टप्प्यांत विभागलं जातं. खर्च थोडा वाढतो, पण तो करावाच.

वरून येणारं पाणी ही वेगळी डोकेदुखी. पुलावरचं पाणी पाइपातून थेट खाली सोडलं तर पहिल्याच पावसात त्याच्याखाली खड्डा पडतो, पुढच्या वर्षी त्याची घळ होते, आणि डिझेल-टायरच्या काजळीने माखलेलं डबकं नेमकं प्राण्यांच्या वाटेत साचतं. पाइप खांबाला धरून जमिनीपर्यंत आणावेत आणि ते पाणी मार्गाबाहेरच्या गाळणखड्ड्यात न्यावं.

आवाजाबद्दल बोलताना सगळे हॉर्नबद्दल बोलतात. खाली उभं राहिलं तर सर्वांत दचकवणारा आवाज एक्स्पान्शन जॉइंटचा, म्हणजे पुलाच्या दोन भागांमधल्या सांध्याचा, असतो. प्रत्येक ॲक्सलला एक “धडाड”. सलग वाहतुकीच्या घरघरीला प्राणी सरावतात. अचानक येणाऱ्या ठोक्याला सरावणं अवघड. जॉइंटची संख्या कमी ठेवणं, ते मार्गाच्या मधोमध येऊ न देणं आणि दर वर्षी त्यांचं रबर तपासणं हे संकल्पचित्रातच लिहायला हवं. कडेच्या ध्वनिरोधक भिंती दिव्यांचे झोतही अडवतात. वळणावर असलेल्या पुलासाठी त्या फार गरजेच्या असतात, कारण तिथे हेडलाइटचा पट्टा जंगलावरून झाडूसारखा फिरतो. पुढे सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशातल्या पट्ट्यात अशा भिंती मोठ्या प्रमाणावर लावल्या आहेत. भिंतीखाली फट राहिली तर प्रकाश तिथूनच निसटतो आणि बरोबर प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो, म्हणून रात्री खाली उभं राहून एकदा पाहणी करावी.

नाल्यावरच्या छोट्या पुलांत चूक ठरलेली असते. आठ महिने कोरडा नाला पाहून गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, आखला जातो आणि पावसाळ्यात पाणी खांबापासून खांबापर्यंत भरतं. नेमक्या त्याच दिवसांत जंगल हिरवं असतं आणि प्राणी पांगलेले असतात. पुराच्या नेहमीच्या पातळीच्या वर, दोन्ही काठांना, निदान तीन मीटर रुंद कोरडी वाट उरली पाहिजे, आणि तेवढा गाळा वाढवून घ्यायला हवा. काठाची धूप थांबवायला दगडी पिचिंग करतात, म्हणजे उतारावर दगड बसवतात. त्यात खूर अडकतात, घसरतात. वाटेपुरत्या पट्ट्यात फटी मुरूम-मातीने बुजवून वर माती दाबली की प्रश्न मिटतो. काम दोन दिवसांचं आहे, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

५,४५० म्हणजे किती?

छायाचित्रांची संख्या म्हणजे प्राण्यांची संख्या नव्हे, आणि ओलांडण्याचीही नव्हे. पुलाखाली चरत थांबलेल्या एका चितळाचे चाळीस फोटो निघू शकतात. म्हणून मोजणीत एकाच कॅमेऱ्यावर एकाच प्रजातीचे, अर्ध्या तासाच्या आतले फोटो सहसा एक नोंद धरतात. प्राणी आत शिरला आणि परत फिरला तर ती नोंद वेगळी ठेवायची. परत फिरण्याचं प्रमाण वाढलं तर मार्गात काहीतरी बिघडलं आहे : तोंडाशी माणसं, कुत्री, साचलेलं पाणी, नवा दिवा.

कॅमेरा जमिनीपासून ४० ते ४५ सेंटिमीटरवर लावतात, म्हणजे वाघापासून मुंगसापर्यंत बहुतेक प्राणी चौकटीत येतात. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून समोरासमोर दोन कॅमेरे हवेत, थोडे तिरके, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्यावर पडतो. ५० मीटरच्या मार्गाला दर १०-१५ मीटरला एक जागा धरली तर चार-पाच जोड्या पुरतात. ७५० मीटरला पन्नासहून अधिक लागतील. तेवढे कॅमेरे नसतील तर मोठ्या मार्गांचा वापर कागदावर कमी दिसतो आणि “५० मीटर पुरतात की” असा उलटा निष्कर्ष निघतो. दोन मार्गांची तुलना करताना आकडा कॅमेरा-दिवसांनी, म्हणजे कॅमेऱ्यांची संख्या गुणिले ते चालू असलेले दिवस यांनी, भागल्याशिवाय वाचू नये.

या अभ्यासातला सर्वांत मोलाचा आकडा आमच्या मते ११. वाघाच्या ८९ नोंदी म्हणजे नऊ ठिकाणं मिळून सरासरी तीन-साडेतीन दिवसांत एकदा. पण त्या सगळ्या रस्त्याला लागून हद्द असलेल्या एकाच वाघिणीच्या असत्या तर? अकरा वेगवेगळे वाघ जातात, तेव्हा मार्ग एखाद्या हुशार जनावराची खास वाट राहत नाही, जंगलाचा भाग होतो. याच्यापुढचा टप्पा आणखी कठीण आहे : पलीकडे गेलेला वाघ तिथे टिकला का, त्याची पिल्लं झाली का. त्यासाठी विष्ठेतला डीएनए दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षं तपासावा लागतो.

एका वर्षाच्या नोंदींवर निकालही देऊ नये. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात महामार्गावर ४४ मार्ग आहेत, सहा वरून आणि ३८ खालून, आणि ८२ कि.मी. कुंपण आहे. तिथे वन्यप्राण्यांच्या धडका ८० टक्क्यांहून अधिक घटल्या. पण अस्वलांसारख्या सावध प्राण्यांना ते मार्ग अंगवळणी पडायला काही वर्षं गेली. आईमागून पिल्लू एकदा गेलं की पुढच्या पिढीला ती वाटच असते.

कुंपण जिथे संपतं

सव्वादोन किलोमीटर उचललेला रस्ता म्हणजे बाकीचा सगळा जमिनीवरच. मार्ग कितीही चांगला असला तरी शेजारून सरळ रस्त्यावर चढता येत असेल, तर बरेच प्राणी चढतीलच. मार्गाकडे वळवणारं कुंपण नसेल तर अर्धं काम वाया जातं. बॅन्फमधली जाळी २.४ मीटर उंच आहे. चितळ-सांबर उडी मारणारे असल्याने इथेही यापेक्षा कमी उंची कामाची नाही. रानडुक्कर आणि अस्वल खालून उकरतात, म्हणून जाळीचा दीड मीटर रुंद पदर जंगलाच्या बाजूला तिरका जमिनीत गाडावा. खालच्या अर्ध्या मीटरला बारीक जाळी जोडली तर साप, घोरपड, कासवंही मार्गाकडे वळतात. बिबट्या आणि वानरं चढतातच. त्यांच्यासाठी वरचा भाग जंगलाकडे झुकवतात. वानरांचा पक्का इलाज मात्र पुलावर खाणं टाकणाऱ्या माणसांना थांबवण्यात आहे. ट्रकमधून सांडलेलं धान्यही वेळच्या वेळी झाडून काढावं लागतं.

कुंपणाच्या आत चुकून अडकलेल्या प्राण्यासाठी उडीचा उतार ठेवतात : रस्त्याच्या बाजूने मातीचा चढ, जंगलाच्या बाजूने दीड ते दोन मीटरची सरळ उभी कड. आतून बाहेर उडी घेता येते, बाहेरून आत येता येत नाही. कडेखाली मऊ माती ठेवावी आणि झुडपं वाढू देऊ नयेत.

टोकांचं भान सर्वांत कमी ठेवलं जातं. कुंपणाला धरून चालत आलेला कळप टोकाशी पोहोचतो आणि तिथेच रस्ता ओलांडतो. पूर्वी तीन किलोमीटरमध्ये विखुरलेले अपघात आता शंभर मीटरमध्ये गोळा होतात. पाच किलोमीटरपेक्षा आखूड कुंपणांचा परिणाम म्हणूनच बेभरवशाचा असतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या नोंदी एकत्र पाहिल्यावर दिसलं आहे. कुंपण जंगल संपेपर्यंत न्यावं, किंवा पुढच्या पुलाला नेऊन जोडावं. दोन्ही बाजूंची टोकं एकमेकांसमोर असावीत. एक पुढे, एक मागे राहिलं तर प्राणी दोन कुंपणांच्या मध्ये कोंडतो. टोक रस्त्यापासून दूर, जंगलाच्या दिशेने वळवावं. वेग कमी करायचे गतिरोधक आणि फलक लावायचेच असतील तर ते या टोकांशी लावावेत. तिथे त्यांना अर्थ आहे.

माणसं, गुरं, फासे

पुलाखालची सपाट, सावलीची जागा माणसालाही हवीहवीशी वाटते. गुराखी बसतात, दुचाकींची वाट पडते, वर थांबलेले ट्रकचालक खाली उतरतात, चहाची टपरी उभी राहते. यात गावकऱ्यांचा दोष नाही. त्यांचा जुना रस्ता महामार्गाने तोडला असेल तर ते दुसरी वाट शोधणारच. गावासाठी वेगळा अंडरपास आराखड्यातच असला पाहिजे, तोही वन्यजीव मार्गापासून अंतर राखून. तो दिला नाही आणि वर “प्रवेश बंद”ची पाटी लावली, तर पाटी महिनाभरात खाली येते. दिवसा माणसांचा वावर असला तर प्राणी रात्रीवर ढकलले जातात. रात्रीही असला तर येणंच सोडतात.

प्राणी नेमक्या जागेवरून जातात हे शिकाऱ्यालाही कळतं. तारेचे फासे आणि जबड्याचे सापळे मार्गाच्या तोंडाशी, झुडपांत लावले जातात. म्हणून दोन्ही तोंडांपासून निदान पाचशे मीटरपर्यंत पायी गस्त हवी, सापळ्यांसाठी मेटल डिटेक्टरसह. बाजूच्या शेतात कुंपणाला वीज सोडली जाते का, हेही तिथल्या वनरक्षकाने पाहायला हवं.

आणि तोंडापुढची जमीन कोणाची? पुलाची मालकी महामार्गाकडे, जंगल वनखात्याकडे, मधला पट्टा कधी महसूलचा, कधी खासगी. त्या पट्ट्यात ढाबा किंवा रिसॉर्ट आला की कोट्यवधींचा पूल भिंतीपुढे उघडतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८(ओ)मध्ये व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या जमिनीचा वापर बदलण्यावर बंधन आहे. पण ते लागू करायचं तर संचारमार्गाची हद्द सर्व्हे नंबरनिशी तालुक्याच्या नोंदीत उतरलेली हवी.

पेंचमधून सुखरूप बाहेर पडलेल्या तरुण वाघापुढे विदर्भातले इतर रस्ते असतातच. डिसेंबर २०१७ मध्ये बोर व्याघ्र प्रकल्पातला बाजीराव हा वाघ नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मेला. वाघाच्या प्रवासात जितके रस्ते, तितक्या ठिकाणी हाच हिशेब नव्याने मांडावा लागतो. निविदेत बांधकामाबरोबर निदान दहा वर्षांची देखभाल धरावी आणि दर वर्षी जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसानंतर, एक फेरी ठेवावी : जाळीखाली वाहून गेलेल्या माती-दगडांच्या फटी, पाइपांखालच्या घळी, नाल्याकाठची कोरडी वाट, उडीच्या उतारावर वाढलेलं रान आणि खोडांची ओळ कुठे तुटली ते.